थेट विचारा : व्यसनमुक्तीच्या कामातील आत्महत्या-प्रतिबंध

व्यसनमुक्ती केंद्रात माणूस भरती होतो तेव्हा लांबलचक केसपेपर भरला जातो. दारू कधीपासून, रोज किती, शेवटची कधी घेतली, सकाळी हात थरथरतात का, भास होतात का, कधी फिट आली होती का, घरी कोण कोण, कर्ज किती, याआधी कुठे भरती होता. सगळं विचारून होतं. ‘मरून जावं असं कधी वाटतं का?’ हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी त्या कागदावर नसतोच. असला तरी विचारणारा तो खाली मान घालून उरकतो. शेजारी बायको किंवा म्हातारे वडील बसलेले असतात, त्यांच्यादेखत विचारायचं कसं असा संकोच असतो, आणि विचारलं तर नसतं ते डोक्यात भरेल ही भीती असते. दुसरीकडे, जीव द्यायला निघालेल्या आणि वाचलेल्या माणसाचा रुग्णालयातला कागद पाहावा. त्यावर ‘दारूच्या नशेत’ एवढे दोन शब्द सापडतात. त्या दारूचं पुढे काय करायचं, याची ओळ सहसा सापडत नाही. चार दिवसांनी तो घरी जातो, त्याच घरात, त्याच गुत्त्यावरून जाणाऱ्या रस्त्याने.

मानसोपचाराच्या ओपीडीत सांगतात, ‘आधी दारू सोडवून आणा, मग डिप्रेशनचं बघू.’ केंद्रात सांगतात, ‘जीव द्यायच्या गोष्टी करणारा पेशंट आम्हाला झेपणार नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.’ दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात, आणि दोघांच्या मध्ये माणूस हातचा जातो. चिठ्ठी घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात हेलपाटे घालणाऱ्या कुटुंबाच्या सोबतीला एखादंच माणूस असतं. कधी केंद्रातली समुपदेशक, कधी रुग्णालयातला वैद्यकीय समाजसेवक, कधी गावातली आशाताई, कधी स्वतः दारू सोडून इतरांसाठी उभा राहिलेला कार्यकर्ता. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे. व्यसन आणि आत्महत्या ही दोन वेगळी खाती नाहीत. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्याने जिवाविषयी थेट विचारलं पाहिजे, आणि विचारल्यावर काय करायचं हे त्याला आधीच ठाऊक असलं पाहिजे, हे या पुस्तकाचं एकमेव म्हणणं.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या तक्त्यात दारू आणि अमली पदार्थांचं व्यसन ६.८ टक्के. हा आकडा वाचून पुष्कळांना वाटतं, प्रश्न त्या मानाने लहानच आहे. पण पोलिसांच्या तक्त्यात एका मृत्यूला एकच कारण लावलं जातं. त्याच तक्त्यात ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आणि ‘आजारपण’ १८.४ टक्के आहेत. रोज पिऊन घरी भांडणारा, यकृत सुजलेला, कर्जबाजारी झालेला माणूस गेला तर तो यांपैकी कोणत्या रकान्यात जाईल? पंचनाम्याच्या वेळी घरचे जे सांगतील त्या रकान्यात. आणि घरचे दारूचं नाव सहजी घेत नाहीत. लाज असतेच, शेतकरी कुटुंबात त्यात आणखी एक भीती मिसळते. सरकारी मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते, आणि दारूचं कारण पुढे आलं तर कर्जाचं कारण मागे पडेल असं कुटुंबाला वाटतं. ‘कर्जामुळे गेला की दारूमुळे?’ हा विदर्भातला जुना वाद. प्रत्यक्ष आयुष्यात नापिकी, सावकार, दारू आणि मनाचं खचणं ही एकमेकांत गुंतलेली असतात; ‘की’ हा शब्द तक्त्याच्या सोयीचा.

दुसरी बाजू उपचारांची. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५.७ कोटींहून अधिक लोकांचं पिणं मदतीची गरज पडण्याइतकं घातक आहे, असा त्याचा निष्कर्ष. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कसला तरी उपचार मिळालेला होता. भरती होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक. याचा अर्थ, जो आपल्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला तो मोठी चाळण पार करून आलेला आहे. त्याला तसंच परत पाठवणं परवडणारं नाही. २००४ मध्ये अनेक देशांतल्या दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात दारूचा विकार असलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांच्या जवळपास दहापट आढळला, अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत त्याहून जास्त. या बातमीला दुसरी जोडून वाचायला हवी: बहुसंख्य व्यसनी माणसं आत्महत्या करत नाहीत. धोका मोठा आहे, पण टळणारा आहे. म्हणून तर या कामाला अर्थ आहे.

हा धोका येतो कुठून? तीन वाटा ढोबळपणे सांगता येतील. पहिली नशेतली. दारू चढते तेव्हा पुढचा-मागचा विचार आखडतो, आणि जो विचार शुद्धीत असताना तासभर रेंगाळून निघून गेला असता तो दहा मिनिटांत कृतीपर्यंत जातो. ‘नशेत बडबडतो, सकाळी विसरतो’ असं घरचे म्हणतात. सकाळी तो विसरतो हे खरं, पण त्या रात्रीपुरता धोका खराच असतो. दुसरी वाट नशा उतरल्याची. दारू किंवा गर्द बंद केल्यावर पहिल्या दिवसांत झोप उडते, जीव कासावीस होतो, मन काळवंडतं. आणि इतकी वर्षं दारूने झाकून ठेवलेलं सगळं एकदम उघडं पडतं. तिसरी वाट सावकाशीची. नोकरी जाते, बायको मुलांना घेऊन माहेरी जाते, भाऊबंद लग्नाला बोलवेनासे होतात, शरीर साथ देत नाही. यातली एखादी घटना, विशेषतः जवळच्या माणसाचं तुटणं, धोका अचानक वाढवते.

म्हणून वेळेचं भान महत्त्वाचं. सर्वांत जास्त पितो तो काळ सर्वांत धोक्याचा, असा सर्वसाधारण समज. अनुभव आणि संशोधन दोन्ही सांगतात की डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे आणि पुन्हा घसरल्यानंतरचे पहिले काही दिवस फार नाजूक असतात. आपल्याकडे दारू सोडण्याचे खास मराठी मार्ग आहेत. कोणी तुळशीची माळ घालतो, कोणी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, कोणी वारीला जाऊन येतो. त्यातून पुष्कळांचं आयुष्य मार्गी लागलं आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण माळ घातलेला माणूस घसरतो तेव्हा दारूच्या घोटाबरोबर देवाशी आणि पोराशी बेइमानी केल्याची शरम त्याच्या वाट्याला येते. गाव म्हणतं, ‘यानं तर माळेचीही लाज ठेवली नाही.’ नेमक्या त्या आठवड्यात त्याच्या दारी कोण जातं, यावर पुष्कळ काही ठरतं.

या विषयाचा वैचारिक इतिहास दोन वेगळ्या प्रवाहांचा आहे आणि ते बराच काळ एकमेकांना भेटले नाहीत. एमिल दुर्खीम यांचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७ चा. आत्महत्या ही व्यक्तीची खासगी बाब नसून समाजाशी असलेल्या तिच्या बांधिलकीचा आरसा आहे, ही त्यांची मांडणी समाजकार्याला आजही पुरते. मात्र दारूला त्यांनी जवळजवळ निकालात काढलं. फ्रान्समधल्या दारूच्या खपाचे आणि आत्महत्यांचे नकाशे शेजारी ठेवून, दोन्ही जुळत नाहीत असं त्यांनी दाखवलं. प्रदेशाच्या नकाशावर जे दिसत नाही ते एका माणसाच्या आयुष्यात दिसू शकतं, हे पुढे यायला वेळ लागला. १९३८ मध्ये कार्ल मेनिंजर या अमेरिकी मनोविश्लेषकाने दारूच्या व्यसनाकडे संथ गतीने चाललेली आत्महत्या म्हणून पाहिलं. त्यामुळे दोन्ही विषय एका चौकटीत आले, पण एक तोटाही झाला. ‘हा तसाही रोज थोडा थोडा मरतोच आहे’ असं एकदा मनात बसलं की आज रात्रीच्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर आत्महत्या-प्रतिबंध ही स्वतंत्र शाखा झाली. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड व्हारा या पाद्र्याने फोनवर ऐकून घेणाऱ्या स्वयंसेवकांचं ‘समॅरिटन्स’ हे काम सुरू केलं. १९५८ मध्ये एडविन श्नाइडमन, नॉर्मन फार्बरो आणि रॉबर्ट लिटमन यांनी लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या-प्रतिबंध केंद्र उभारलं. मरणाची इच्छा बहुतेक वेळा असह्य मनोवेदना थांबवण्याची इच्छा असते, आणि माणूस शेवटपर्यंत द्विधा असतो, ही श्नाइडमन यांची देणगी. २००५ मध्ये थॉमस जॉइनर यांनी तीन धागे वेगळे करून दाखवले: आपण कोणाचेच नाही ही भावना, आपण सगळ्यांना ओझं झालो आहोत ही भावना, आणि वेदना व मरण यांची भीती सरावाने बोथट होणं. व्यसनमुक्तीत काम करणारा कोणीही हे वाचून दचकेल, कारण त्याच्या ओळखीतल्या कित्येकांच्या आयुष्यात हे तीनही धागे सापडतात. भारतात हेच काम करणारी चेन्नईची ‘स्नेहा’ ही संस्था डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये सुरू केली.

व्यसनमुक्तीचा प्रवाह वेगळ्या अंगाने आला. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन या गावी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’चा जन्म झाला; १९५७ पासून भारतात त्यांच्या सभा भरतात. आज महाराष्ट्रात चर्चच्या हॉलपासून नगरपालिकेच्या शाळेपर्यंत मराठीतून शेअरिंग चालतं. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. पुण्यात गर्दने तरुण मुलं गिळायला सुरुवात केली त्या काळात, १९८६ मध्ये, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर ‘मुक्तांगण’ उभं केलं. व्यसनी माणूस हा वाईट चालीचा नसून आजारी आहे, आणि त्याच्याशी मैत्रीने वागायचं, हे आज आपल्याला सहज वाटतं. चाळीस वर्षांपूर्वी ते तसं नव्हतं.

या दोन प्रवाहांच्या जोडीला तिसरी धार सार्वजनिक कृतीची. वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने, सरकारच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ चालू आहे. त्यात गावाने ठरवलेली बंदी, उपचार आणि प्रबोधन हे एकत्र बांधलेले आहेत. बंदीच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघंही महाराष्ट्रात आवाज चढवून बोलतात. या पुस्तकाला त्या वादात निकाल द्यायचा नाही. एवढंच म्हणायचं आहे की बाटली गावात असो वा नसो, ज्याचं आयुष्य आधीच तिच्याभोवती गुंडाळलं गेलं आहे त्याला माणसाची गरज लागतेच.

समाजकार्याचं शिक्षण आपल्याकडे जुनं आहे. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ मध्ये मुंबईत निघालेली शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून आहे. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन या तिन्ही पद्धती इथल्या पिढ्यांनी शिकल्या आणि शिकवल्या. तरीही बहुतेक कार्यकर्त्यांना व्यसन एका विषयात शिकवलं जातं आणि आत्महत्या, शिकवली गेलीच तर, दुसऱ्या.

कायदा मात्र या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या खटल्यात ते वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ ने चित्र पालटलं. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिला सेवा, उपचार व पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ आलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमात उरला आहे. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. याच २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही घेतल्या आहेत. ‘हा दारूडा आहे, मानसिक रुग्ण नाही’ असं म्हणून कोणालाही परत पाठवण्याला कायद्याचा आधार नाही. कार्यकर्त्याने हे पाठ करून ठेवावं; अपघात विभागाच्या दारात त्याचा उपयोग होतो.

प्रत्यक्ष कामात आज चार-पाच विचारधारा शेजारी शेजारी नांदतात. वैद्यकीय धारा औषधांनी विड्रॉवल सांभाळते आणि सोबतच्या नैराश्यावर उपचार करते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची बारा पायऱ्यांची धारा कबुली, सोबत आणि ‘फक्त आजचा दिवस’ यांवर उभी आहे. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांची प्रेरक संवादाची पद्धत माणसाला ठणकावत नाही, त्याच्याच तोंडून बदलाची कारणं काढून घेते. हानी कमी करण्याची धारा म्हणते, आज सोडणं जमत नसेल तर आज निदान जिवंत राहणं जमवू. आणि सामुदायिक मानसिक आरोग्याची धारा डॉक्टर नसलेल्या माणसांना हे काम शिकवते. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित साध्या समुपदेशकांकडून घातक पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींची पद्धत राबवली, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने तिचे निष्कर्ष छापले आणि ती नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली. अमरावती जिल्ह्यातल्या गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नैराश्य आणि दारू एकत्र हाताळली. तिथे नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सहापट झालं.

या धारांपैकी एकीतला एक समज मात्र स्पष्टपणे बाजूला ठेवायला हवा. ‘याला बॉटम लागल्याशिवाय हा सुधारणार नाही’ हे वाक्य सभांत, कुटुंबांत, कधी कार्यकर्त्यांच्या तोंडीही ऐकू येतं. अनेकांच्या स्वतःच्या कहाणीत ते खरं असतं, म्हणून ते सांगितलं जातं. पण ती कहाणी सांगायला वाचलेलेच येतात. तळ गाठताना जे गेले ते सभेत बोलायला नसतात. बायकोने मार खाऊ नये, दारूसाठी पैसे देऊ नयेत, त्याच्या खोटेपणावर पांघरूण घालू नये, हे सगळं बरोबर. तरी नातं तोडताना, घराबाहेर काढताना त्याच्या जिवाचा विचार करणारं कोणीतरी एक माणूस मध्ये असलं पाहिजे. ते माणूस ठरवणं हे समाजकार्यकर्त्याचं काम आहे.

काम कसं करायचं, याचा एक नमुना इथेच दाखवतो. प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. ‘तसलं काही वेडंवाकडं मनात नाही ना येत?’ असं विचारलं की समोरचा ‘नाही हो’ म्हणून मोकळा होतो, कारण आपण त्याच्याकडून तेच मागितलेलं असतं. दुसरी तऱ्हा अशी: ‘इतक्या त्रासातून जाताना पुष्कळांना जगणं नको होतं. तुम्हाला तसं वाटतं का? स्वतःचा जीव घ्यावा असं मनात आलं आहे का? शेवटचं कधी?’ आणि मग गप्प बसायचं. विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, हे आता अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. उलट पुष्कळांना हायसं वाटतं. हा प्रश्न नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायचा, नशा उतरल्यावर पुन्हा विचारायचा, आणि डिस्चार्जच्या दिवशी तिसऱ्यांदा.

उत्तर ‘हो’ आलं तर? त्याच्याकडून शपथ घेऊ नये. ‘पुन्हा असं करणार नाही’ असं लिहून घेण्याने जीव वाचतो याला पुरावा नाही. त्याने आपल्यालाच धीर येतो. त्याऐवजी बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी आखलेला सुरक्षा-आराखडा वापरावा. अनेक कागदांवरून बेतलेला, कोणा एकाचा नसलेला हा नमुना पाहा. टेम्पो चालवणारा, एका मुलीचा बाप. त्याच्याच शब्दांत सहा ओळी. धोक्याची खूण: पगाराचा शनिवार, सातनंतर एकटा, ‘माझ्याशिवाय यांचं बरं चालेल’ असं वाटायला लागणं. एकटा असताना काय करीन: अंघोळ, मग मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाऊन येणं. कुठे जाऊन बसेन: मीटिंग, मीटिंग नसेल तर गॅरेजवर. कोणाला सांगेन: धाकटा मेहुणा, तो ओरडत नाही. मदत कोणाकडे मागेन: केंद्रातल्या ताई, त्या नसतील तर टेलिमानसचा फोन, १४४१६. घरातलं काय हलवायचं: शेतातली औषधं चुलत्याच्या खोलीत कुलूप लावून, किल्ली काकूकडे. ‘दारू पिणार नाही’ ही ओळ यात नाही, हे लक्षात घ्यावं. हा कागद प्यायलेल्या रात्रीही उपयोगी पडला पाहिजे.

आराखड्यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची ठरू शकते. आत्मघातकी लाट थोडा वेळ टिकते. त्या वेळात घातक वस्तू हाताशी नसली तर पुष्कळ जीव वाचतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर १९९५ पासून टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. आपल्या खेड्यापाड्यांत जे सरकार करत नाही ते निदान एका घरापुरतं कार्यकर्ती करू शकते.

आणि मग पाठपुरावा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, चेन्नईसह, एक साधा प्रयोग केला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेल्या माणसाशी तासभर नीट बोलायचं आणि पुढे दीड वर्ष ठरावीक अंतराने फोन किंवा भेट घ्यायची. २००८ मध्ये निकाल आला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत आत्महत्येने गेलेले २.२ टक्के होते. असा संपर्क ठेवलेल्यांत ०.२ टक्के. यात महागडं काही नाही. व्यसनमुक्ती केंद्रांना फॉलोअपची सवय आहे. ‘पीत नाही ना?’ या फोनला ‘कसे आहात, जगणं जड होतंय का?’ एवढं जोडायचं आहे. अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने २००९ मध्ये व्यसनोपचारातल्या समुपदेशकांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिचा गाभाही असाच आहे: माहिती घ्या, वरिष्ठांशी बोला, जबाबदारीने कृती करा, आणि ती कृती तिथेच सोडू नका.

या क्षेत्रात स्त्रिया दोन अर्थांनी अदृश्य राहतात. व्यसनी स्त्रीला केंद्रापर्यंत आणायलाच कोणी तयार नसतं. तिच्यासाठीचे वॉर्ड मोजके आहेत. आणि व्यसनी पुरुषाची बायको, जी वर्षानुवर्षं मार, उपास आणि बदनामी सोसते, ती स्वतः धोक्यात आहे का, हे कोणी विचारत नाही. केसपेपरवर ती ‘माहिती देणारी’ असते. या पुस्तकाच्या लेखकांचा आग्रह आहे की प्रश्न तिलाही, वेगळं बसवून, विचारला जावा. तसंच आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या मुलांना, आणि ज्याचा रुग्ण गेला त्या कार्यकर्त्यालाही. आपल्याकडे केंद्रातला माणूस गेला की कार्यकर्त्याला जाब विचारला जातो. त्याला धरून बसणारं कोणी नसतं. असे कार्यकर्ते एक-दोन मृत्यूंनंतर काम सोडतात.

आताच हे पुस्तक का? नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताने पहिलं राष्ट्रीय आत्महत्या-प्रतिबंध धोरण जाहीर केलं. २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘टेलिमानस’ ही फोनसेवा सुरू झाली. २०२० पासून नशामुक्त भारत अभियान चालू आहे. योजना आहेत, फोन आहेत, कायदा आहे. त्यांना एकमेकांशी जोडणारे, मराठीत विचारणारे, मराठीत ऐकणारे हात कमी आहेत, आणि त्यांना मराठीत धड काही वाचायला मिळत नाही. इंग्रजी मार्गदर्शिका चांगल्या असतात. पण त्यांत जाऊ-नणंद नसते, माळ नसते, पात्र-अपात्र नसतं, पोळ्याच्या दिवशीची दारू नसते.

हे पुस्तक पाठ्यपुस्तक नाही आणि डॉक्टरला पर्यायही नाही. भास, फिट, तीव्र नैराश्य, जिवाचा तातडीचा धोका दिसला तर रुग्णालयच गाठायचं, हे लेखकांनी जागोजागी बजावलं आहे. त्यांच्यात मानसोपचारतज्ज्ञ आहेत, समाजकार्यकर्ते आहेत आणि वर्षानुवर्षं सोबर असलेले मित्रही. काही ठिकाणी त्यांचं एकमेकांशी पटलेलं नाही, विशेषतः पूर्ण दारूमुक्ती आणि हानी कमी करणं यांबद्दल. संपादनात ते मतभेद गुळगुळीत केलेले नाहीत. वाचकाने आपल्या अनुभवावर ते पारखावेत. प्रसंग जिथे जिथे दिले आहेत तिथे माणसं ओळखू येणार नाहीत याची काळजी घेतली आहे, आणि मृत्यू कसा झाला याचे तपशील मुद्दाम गाळले आहेत. ज्यांनी आधीच अशा रात्री काढल्या आहेत त्यांच्याही हाती हे पुस्तक पडणार आहे, हे आम्ही विसरलेलो नाही.

केंद्र चालवणाऱ्यांना एकच विनंती. पुस्तक कपाटात ठेवण्याआधी आपला भरतीचा केसपेपर काढा. त्यात जिवाविषयीचा प्रश्न नसेल तर आजच हाताने लिहून घाला. पुढची छपाई होईल तेव्हा होईल. आणि वाचताना तुम्हाला स्वतःलाच जड वाटू लागलं तर पान मिटा आणि १४४१६ वर फोन करा. टेलिमानसची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.